जरा डावीकडे सरका

अजिंठ्याचा गाइड भेटतो तो फर्दापूर फाट्यावर. आपली गाडी तिथे लावून पुढचे चारेक किलोमीटर महामंडळाच्या बसने जावं लागतं. तेवढ्या वाटेत तो माणसं ओळखून ठेवतो. कुणाचे गुडघे दुखतात, कोणते काका रात्रभर जागून मोबाइलवर इतिहास वाचून आलेत, जेवणाची चौकशी सगळ्यांत आधी कोण करणार, हे सगळं त्याच्या ध्यानात येतं. बस थांबेपर्यंत त्याचा हिशेब पक्का झालेला असतो. लेणी तीस, दाखवायची पाच. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं आणि सव्विसावं. एखादा फारच चिकित्सक निघाला तर नववं-दहावं वरकड.

‘पाहुणे कुठले?’ हा प्रश्न तो नुसता शिष्टाचार म्हणून विचारत नाही. वाशीमचं कुणी निघालं की त्याला हुरूप येतो. ‘म्हणजे तुमच्याच राजाचं राज्य की, सर!’ आणि हे खोटंही नसतं. सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. नागपूरकरांना तो सांगतो, की वाकाटकांची थोरली शाखा तुमच्या रामटेकजवळ, नंदिवर्धनला. पैठणकरांच्या वाट्याला सातवाहनांच्या काळातलं दहावं लेणं येतं. पुणेकराला तो काही देत नाही. पुणेकरच त्याला कार्ल्याबद्दल सांगतो.

‘पहिलं लेणं म्हणजे सगळ्यांत जुनं ना?’ हे त्याला रोज कुणीतरी विचारतंच, आणि तोही रोज नव्यानेच ऐकल्यासारखं उत्तर देतो. क्रमांक चालत जाताना लागतील तसे पडलेत, वयाप्रमाणे नाहीत. दहावं लेणं इसवी सनाच्या आधीचं, पहिलं पाचव्या शतकातलं. ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या लेण्याच्या दारात विचारतो, ‘म्हणजे हे दोन नंबरचं जुनं?’

त्याचा खरा अंमल चालतो तो पहिल्या लेण्यात. चपला बाहेर, फ्लॅश बंद आणि हातात बॅटरी. गाभाऱ्यातल्या बुद्धावर तो एका बाजूने उजेड टाकतो, चेहरा हसरा होतो. दुसऱ्या बाजूने टाकतो, गंभीर होतो. समोरून टाकला की ध्यानस्थ. प्रत्येक वेळी ‘जरा डावीकडे सरका’ म्हणून सगळा घोळका हलवायचा आणि ‘आहा’ ऐकू येईपर्यंत थांबायचं. मग पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. मग खांबावरची ती चार हरणं, ज्यांना मिळून डोकं एकच आहे. कुठल्याही अंगाने पाहा, ते डोकं त्या-त्या हरणाचंच वाटतं. इथे तो मुलांना पुढे बोलावतो, कारण पोरांची करमणूक झाली की आईबाप बक्षिसीला हात आखडत नाहीत.

रंगांचा विषय निघाला की त्याची थोडी पंचाईत होते. ‘रंग कशाचे?’ या प्रश्नावर ‘झाडपाल्याचे’ म्हटलं की सगळीकडून ‘वा!’ येते. वस्तुतः ते बहुतेक खनिज रंग. पिवळा आणि तांबडा गेरू, हिरवी माती, जोडीला काजळी, आणि निळ्यासाठी पार अफगाणिस्तानातून आणलेला लाजवर्द. ओबडधोबड कातळावर माती, तूस आणि गवताचा गिलावा चढवायचा, तो वाळू द्यायचा आणि त्या कोरड्या भिंतीवर चितारायचं. हे सगळं त्याला ठाऊक असतं. घोळक्यात पुरातत्त्वाचा विद्यार्थी दिसला तर झाडपाल्याचं नावही निघत नाही. पण ‘गेरू’वर कुणी ‘वा’ म्हणत नाही, त्याला तो तरी काय करणार?

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ त्याच्या मदतीला येतो. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या पलटणीतला हा अधिकारी शिकारीला म्हणून या खोऱ्यात आला आणि त्याला लेणी दिसली. गाइडच्या गोष्टीतला वाघ श्रोत्यांच्या वयाप्रमाणे लहानमोठा होतो. स्मिथने खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली, ती आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. ‘साहेब किती उंच असेल बघा!’ असं म्हणून तो क्षणभर थांबतो. कुणी हसलंच नाही, तर स्वतःच सांगून टाकतो, की तेव्हा आत माणूसभर राडारोडा साचला होता आणि साहेब त्यावर उभा होता. इतक्या जुन्या चित्रावर नाव कोरणाऱ्याला आपण शोधक म्हणतो आणि तेच करणाऱ्या शाळकरी पोराचा कान पिरगाळतो, ही गंमत मात्र त्याच्या भाषणात नसते.

त्याचा जीव अडकलेला असतो मेजर रॉबर्ट गिलमध्ये. १८४४ सालापासून गिलने जवळपास वीस वर्षं इथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. हे गाइड एका वाक्यात उरकतो, कारण त्याला पारोकडे जायचं असतं. गिलची ती गावातली प्रेयसी. तिची कबर अजिंठा गावात, गिलची भुसावळात. कवी महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि २०१२ सालचा सिनेमा याच गोष्टीवरचे. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखाला अर्धा मिनिट न देणारे पाहुणे पारोसाठी उन्हात वीस मिनिटं उभे राहतात. पुढच्या वेळी गोष्ट आणखी लांबते.

जपानी येणारा गाइड निराळ्या पठडीतला. तो आवाज चढवत नाही, कमरेत वाकतो, आणि पद्मपाणीसमोर नाराच्या होर्यु-जी मंदिरातल्या भित्तिचित्रांचा विषय काढतो. १९४९च्या आगीत त्या चित्रांची दैना झाली. अजिंठ्याशी त्यांचं साम्य इतकं, की जपानी पाहुणे भिंतीपुढून लवकर हलत नाहीत.

पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं आली की कुठल्याही पठडीतला गाइड बदलतो. ‘जयभीम’ होतो, वाघ आखूड होतो, पारो गाळली जाते. सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणाचा बुद्ध पहुडलेला आहे. खाली शोक करणारे शिष्य, वर देवगण. तिथे ती मंडळी त्रिसरण-पंचशील म्हणायला बसतात, तेव्हा तो बॅटरी विझवून बाहेर येतो आणि आत शिरू पाहणाऱ्या पुढच्या घोळक्याला हाताने थोपवतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

परतीला स्फटिक विकणारे गाठतात. ‘ताई, सकाळी तुम्ही कबूल केलं होतं!’ ताईंनी काहीही कबूल केलेलं नसतं. अशा वेळी गाइडला वाघूर नदीचं सौंदर्य अचानक दिसू लागतं.

जायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. पारोची गोष्ट जरूर ऐका. ती संपली की त्याला म्हणा, ‘आता वराहदेवाचा लेख दाखवा, आणि सव्विसाव्या लेण्यातला भिक्षू बुद्धभद्राचाही.’ तो दाखवेल, आणि बरंच सांगेलही. फक्त बसची वेळ आधी विचारून ठेवा.