श्रीयुत पहिले मालक यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत पहिले मालक
(नव्या गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून शोरूमबाहेर पडणारे)

विषय : जुन्या गाडीच्या ग्राहकांना दिलेल्या उदार साहाय्याबद्दल आभार, तसेच त्या साहाय्यातील काही त्रुटी.

मान्यवर,

मोटारगाडीचे मोल सर्वांत वेगाने उतरते ते पहिल्या काही वर्षांत, आणि हा उतार श्रीयुत पहिले मालक यांच्या खिशातून जातो. विमा कंपन्यांच्या रूढ घसारा-कोष्टकात गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा होतात. बाजारभाव या कोष्टकाला बांधील नाही. खपाच्या मॉडेलचा भाव टिकून राहतो, कंपनीने बंद केलेल्या मॉडेलचा कोसळतो. तरीही तीन वर्षांची गाडी घेणाऱ्याला उरलेले बहुतेक सगळे आयुष्य मिळते आणि तिच्या बाल्याचा खर्च दुसऱ्याने केलेला असतो.

दातृत्वाची दुसरी बाब कराची. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेल गाडीला १३ टक्के मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला तो लाखाच्या घरात जातो. गाडी विकल्यावर ही रक्कम परत येत नाही आणि त्याच राज्यातल्या दुसऱ्या मालकाला ती पुन्हा भरावी लागत नाही. श्रीयुतांनी ती जणू अनामिक वारसाच्या नावे ठेवलेली असते. शिवाय ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची, कोणी काय हाताळले हे कधीच न उलगडणारी रक्कम, आणि बाहेर निम्म्या भावात मिळाले असते असे मॅट व सीट कव्हर. दुसऱ्या मालकाला हे सारे फुकट बसते.

या दानशूरांतही २०२५च्या गुढीपाडव्याला लहान पेट्रोल गाडी घेणाऱ्यांचे स्थान वेगळे. त्यांनी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर भरला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, तो १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली ओढला जातो, त्यामुळे या मालकांच्या गाडीचे मोल ती जागेवर उभी असताना घटले.

हे औदार्य मात्र परंपरागत नव्हे. परवाना राजच्या काळात श्रीयुतांचे वर्तन अगदी उलट होते. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, मग ज्याचा नंबर लागला तो मिळालेली स्कूटर चढ्या भावाने विकून मोकळा होई. फियाटचीही तीच गत. वापरलेली वस्तू नव्याहून महाग, हा चमत्कार टंचाईने घडवला होता आणि मुबलकतेने तो संपवला.

आता त्रुटी. श्रीयुत पहिले मालक सर्व काही देतात, हकीकत तेवढी देत नाहीत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचाच दाखला घेऊन हे मांडले आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. गाडीचे खरे रूप विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या-वाईट सर्व गाड्यांना मधलाच भाव देऊ करतो, आणि तो न परवडल्याने चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. आपल्याकडे अशी गाडी जाहिरातीपर्यंत पोचतच नाही, ती परस्पर मेव्हण्याला जाते. जाहिरातीत उरते ती ‘डॉक्टरांची, सिंगल हँड, कमी रनिंग’.

कमी रनिंगचा पुरावा म्हणजे किलोमीटरचा आकडा. डिजिटल मीटर मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र मागे जात नाही, स्टीअरिंगला आलेली तुकतुकीही जात नाही. तीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीचे पेडल गुळगुळीत असेल, तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. टायरवरचे चार अंकही बोलके असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद या सगळ्यांहून भरवशाची, कारण तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर तारखेसह लिहिलेले असतात.

पुरात बुडालेली गाडी सर्वांत फसवी. २००५ची मुंबई, २०१९चे सांगली-कोल्हापूर, २०२१चे चिपळूण, अशा प्रत्येक पुरात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. इंजिन दुरुस्त होते. वायरिंगमधला ओलावा वर्षभराने डोके वर काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहणे, कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज तपासणे, याला पैसे पडत नाहीत. एवढे करू न देणाऱ्या विक्रेत्याशी भावाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

श्रीयुत आणखी एक वस्तू सोबत नेतात : नो क्लेम बोनस. पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विमाहप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण ती माणसाची असते, गाडीची नव्हे. दुसऱ्या मालकाला शून्यापासून सुरुवात. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदरही सहसा चढाच. शिवाय एबीएस सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त गाडीत ते नसणे शक्य आहे, आणि ही उणीव घासाघीस करून भरून निघत नाही.

म्हणून श्रीयुतांना वेड्यात काढणे अन्यायाचे होईल. एकच गाडी बारा-पंधरा वर्षे वापरणाऱ्या घरात आरंभीची घट इतक्या वर्षांत विभागली जाते की नवी गाडी घेणेच शहाणपणाचे. दर चौथ्या वर्षी गाडी बदलणारे हेच खरे दाते. चालवायला शिकणाऱ्याने, किंवा गाडी रस्त्यावर दाटीवाटीत उभी करणाऱ्याने नवी घेऊ नये. पहिला ओरखडा आधीच पडलेला बरा.

शेवटी कागदपत्रे. विक्रीची सूचना (नमुना २९) राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, तर नावावर करून घेण्याचा अर्ज (नमुना ३०) ३० दिवसांत आरटीओकडे जायला हवा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला नमुना ३५, दुसऱ्या राज्यात न्यायची तर नमुना २८ची एनओसी. सही केलेले कोरे कागद दलालाच्या हाती देऊन निश्चिंत होण्याची श्रीयुतांची सवय महागात पडू शकते : नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो.

कळावे,
दुसरे मालक