कानामागचं गोरेपण

रात्री साडेआठच्या मालिकेतली नायिका काळी आहे. मालिकेचं नाव सांगत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्या रुसतील. ती काळी आहे हे पहिल्या भागात सावत्र आईने सांगितलं, तिसऱ्यात बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांची बशी खाली ठेवून सांगितलं आणि बाराव्यात नवऱ्याने पहिल्या रात्री खिडकीकडे तोंड करून सांगितलं. सांगावंच लागतं हो. कारण एका सोमवारी तिने ओले केस कानामागे सारले आणि तिथून एक गोरीपान मुलगी डोकावली.

बोटभरच पट्टी होती. पाळीच्या मागे, केसांच्या रेषेखाली, सायीसारखी. मी चष्मा पुसून टीव्हीपाशी जाऊन उभा राहिलो. ‘‘अरे, सरक,’’ आई म्हणाली, ‘‘सासू आता दूध उतू घालवणार आहे आणि नाव हिच्यावर येणार आहे.’’

तेव्हापासून मला कथानक दिसेनासं झालंय. मला फक्त कान दिसतात. मी वही सुरू केली आहे. मंगळवार : केस मोकळे, कान झाकलेले, निकाल राखून. बुधवार : डावा कान काळा, उजवा गोरा, एकाच प्रसंगात. गुरुवार : मंगळागौर, झिम्मा, घामाने मानेवर ओघळ, ओघळाखाली गोरेगाव. (चित्रनगरी वसवायला आपण गाव निवडलं तेही गोरेगाव, काळाचौकी नाही. असो.) शंभराव्या भागात नवऱ्याने एकदाचा प्रेमाने तिच्या गालाला हात लावला, तर त्याची चार बोटं चॉकलेटी झाली. पार्श्वसंगीतवाल्याने सतार वाजवली. आईने डोळे पुसले. मी वहीत लिहिलं : रंग कच्चा.

आणि कच्चाच आहे तो. पहिल्या भागात मुलगी तव्याच्या बुडासारखी होती. टीआरपी चढला तशी ती गूळ झाली, मग चहा, मग दूध जास्त पडलेला चहा. सुनेने घराचा कारखाना वाचवला त्या आठवड्यात ती चक्क गव्हाळ होती. कर्तबगारीने रंग उजळतो, हे शास्त्राला अजून ठाऊक नाही. मालिकेला आहे. पुरस्कार सोहळ्यात तर ती खांदे उघडे टाकून आपल्या मूळ रंगात आली, तेव्हा आमच्या सबंध मजल्यावर सुटकेचा निःश्वास ऐकू आला. ‘‘अगंबाई, गोरी आहे की ही!’’ वर्षभर आपण जिच्यासाठी रडलो ती काळी नव्हती, म्हणजे अश्रू चांगल्या घरी पडले.

आपल्याकडे तोंडाला काळं फासणं ही शिक्षा असते. कोणाला भर चौकात फासलं की पोलीस येतात. मालिकेत फासलं की त्याला आव्हानात्मक भूमिका म्हणतात. ब्रिटनच्या टीव्हीवर गोरे गायक तोंडाला काजळी फासून गाणी म्हणायचे, तो कार्यक्रम 1958 पासून 1978 पर्यंत चालला. तिकडच्या लोकांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, उशिरा का होईना त्यांना लाज वाटली, आणि तो बंद पडला. आपल्याला लाज वाटायचा प्रश्न येत नाही. आपण फासतो ते प्रबोधनासाठी. काळ्या मुलींचं दुःख मांडायचंय ना? मग ते मांडायला गोरी मुलगी नको का?

काळ्या मुली मिळत नाहीत, अशी एक अडचण सांगितली जाते. महाराष्ट्रात! इथे कोकणातल्या उन्हात, सोलापूरच्या उन्हात, चंद्रपूरच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या भाजून निघालेल्या माणसांच्या राज्यात काळी मुलगी मिळत नाही म्हणून बाटलीतला रंग आणावा लागतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक आहे. एकांकिका स्पर्धांमध्ये तीन वेळा अभिनयाचं बक्षीस घेतलेली, आवाज असा की शेवटच्या रांगेतला वडापाव खाणारा खायचा थांबावा. ती याच जातीच्या एका मालिकेच्या ऑडिशनला गेली होती, काळ्या नायिकेच्याच भूमिकेसाठी. तिथल्या पोराने मोबाइलवरून मान न उचलता सांगितलं, ‘‘ताई, तुमचा रंग नॅचरल आहे. पुढे कथेत प्रॉब्लेम येतो.’’ म्हणजे काय, तर हिचा रंग धुता येत नाही. शेवटच्या भागात काय करणार? तिला मग दुसऱ्या एका मालिकेत मोलकरणीचं काम मिळालं. संवाद दोन : ‘‘आले बाईसाहेब’’ आणि ‘‘गेले बाईसाहेब’’. त्यासाठी मात्र रंग एका नजरेत पसंत पडला. भांडी घासायला, भाजी विकायला, पोलीस ठाण्यात बाकावर बसून रडायला काळी मुलगी महाराष्ट्रात हवी तेवढी मिळते. तिथे मेकअपचा खर्चही नाही. हे उपहासाने लिहायचं ठरवलं होतं, पण त्या मुलीने मला हे जिन्यात हसत हसत सांगितलं, आणि त्या हसण्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

रंगपेटीत एकूण तीन काळे असतात, असा माझ्या वहीचा निष्कर्ष आहे. नायिका काळी असेल तर चॉकलेटी. देव काळा असेल तर निळा. पंढरपूरचा विठोबा काळ्या पाषाणाचा, कृष्णाच्या नावाचा अर्थच काळा, द्रौपदीचं दुसरं नाव कृष्णा तेही रंगावरूनच. पण पौराणिक मालिकेत देव आकाशी होतो आणि द्रौपदी लोण्यासारखी. पांडुरंग म्हणजे खरं तर पांढुरक्या रंगाचा. काळ्या मूर्तीला हे नाव शोभून दिसलं, कारण हाक मारणारे रंग बघत नव्हते. मालिकेवाल्यांनी नावाचा शब्दशः अर्थ लावला असता तर विठोबालाही पावडर लावली असती.

तिसरा काळा हा अस्सल काळा. बुटाच्या पॉलिशचा. तो राखून ठेवलाय ऐतिहासिक मालिकेतल्या सिद्दीसाठी. जंजिऱ्याचा सिद्दी पडद्यावर आला की आधी काजळ घातलेले डोळे येतात, मग दात, मग गडगडाटी हास्य, आणि सर्वांत शेवटी बुद्धी, तीही आली तर. हातात कोंबडीची तंगडी. बोलायच्या आधी गुरगुरतो. हे लोक मूळचे आफ्रिकेतले, अबिसिनियाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. जंजिरा मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही, त्यांचं संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं, हे आपण शाळेत घोकलंय. मालिका बघितली की प्रश्न पडतो, एवढ्या बावळट माणसाकडून किल्ला घेता आला नाही? शत्रूला येडा केलं की आपले पराक्रमी पूर्वजच हास्यास्पद होतात, एवढं तरी लेखकाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष पॉलिशकडे. हा सिद्दी मी कानामागेही काळा असलेला पाहिला आहे. तिथे मात्र काम चोख.

साडेनऊला बातम्या लागतात आणि तोच सिद्दी पॅन्ट घालून येतो. आता त्याला नायजेरियन म्हणतात. आफ्रिकेत 54 देश आहेत, पण आपल्या पट्टीवर जागा एकाचीच. मूळचा तो केनियाचा असो, सुदानचा असो, टांझानियाचा असो; लाल अक्षरांत ‘नायजेरियन टोळी’, खाली बाण, बाणाखाली गोल केलेला चेहरा, आणि तोच चेहरा अकरा वेळा. आमच्या इमारतीत पुण्याच्या कॉलेजात शिकणारा एक सुदानी मुलगा भाड्याने राहायचा. लिफ्टमध्ये भेटला की ‘‘नमस्कार काका’’ म्हणायचा, गणपतीत त्याने मांडवाचे बांबूही उचलले. आई त्याला मोदक द्यायची. दार मात्र साखळी लावून उघडायची. ‘‘टीव्हीत बघतो ना आपण,’’ म्हणायची.

तर अशा माणसाला, म्हणजे मला, एका वाहिनीने वर्णभेदावरच्या चर्चेला बोलावलं. विषय : ‘काळा-गोरा भेद कधी संपणार?’ वेळ : चार मिनिटं, त्यात इतर पाचजण. मी जन्माने काळा. निमगोरा नाही, सावळा नाही, गव्हाळ तर नाहीच; पत्रिकेत ‘वर्ण’ या शब्दापुढे वडिलांनी ‘नाकीडोळी नीटस’ लिहिलं होतं. आत गेल्यागेल्या मेकअपवाल्याने मला खुर्चीत बसवलं, हनुवटी वर केली आणि स्पंज चालवायला सुरुवात केली. आरशात बघतो तर माझा मावसभाऊ. ‘‘अहो, एवढं गोरं कशाला? मी काळेपणावर बोलायला आलोय.’’ ‘‘सर, लाइटमध्ये तुम्ही दिसत नाही,’’ तो अदबीने म्हणाला. त्याची चूक नव्हती. एके काळी रंगीत फिल्मचं माप गोऱ्या बाईचा फोटो समोर ठेवून ठरवत. फिल्म गेली, माप राहिलं. दिवा वळवायचा तर उठून तीन पावलं जावं लागतं. मी समोरच होतो.

मी तावातावाने बोललो. गोरेपणाच्या दाव्यांच्या जाहिरातींना चाप लावायला 1954 च्या कायद्यात बदल करायचा मसुदा 2020 मध्ये निघाला होता, त्याचं काय झालं, असं विचारत होतो तेवढ्यात ब्रेक झाला. ब्रेकमध्ये क्रीम. हल्ली ‘गोरेपणा’ म्हणत नाहीत, ‘ग्लो’ म्हणतात. डबी तीच, मुलगी तीच, नोकरीही तीच मिळते.

घरी आलो तर आई खुशीत होती. शेजारणीलाही बोलावून दाखवलं होतं. ही माझी आई काळी म्हणून पाच स्थळांनी नाकारलेली. सहावे माझे वडील. ‘‘छान दिसलास रे,’’ ती म्हणाली, ‘‘चेहरा कसा उजळ आला. फक्त कान तेवढे राहिले होते. काळे दिसत होते. नीट धुवून जायचं ना.’’

वहीत त्या दिवसाची नोंद केली आहे. नायिकेच्या कानामागे गोरं राहिलं, माझे कान काळे राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर मधे कोणीतरी तिसराच.

आज साडेआठला तिची हळद आहे. नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न. करवल्या तिचे केस वर बांधणार, असं प्रोमोत दाखवलंय. बघा जरा.