सूनबाईला सांगा, आधी टक्के विचार

काकू, कुंपणाला टेकू नका हो, परवाच रंग दिलाय यांनी. इकडून या, टोमॅटोच्या बाजूने. कोथिंबीर? ती हरणांनी खाल्ली, मला एक काडी मिळाली नाही. बरं, सूनबाईची ऑफर आली म्हणे! ऑक्युपेशनल थेरपीची एनबीसीओटी परीक्षा पास, न्यू जर्सीचं लायसन्स हातात, पोरगी हुशारच आहे. पण नोकरी नर्सिंग होममधली ना? मग पेढे वाटायच्या आधी तिला एवढंच विचारायला सांगा, प्रॉडक्टिव्हिटी किती मागतात.

नाही हो, कारखान्यात नाही लागली ती! इथे आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे ओटींना, आणि फिजिओथेरपीवाल्या पीटींनासुद्धा हेच माप लावतात. तुम्ही जितका वेळ हजर, त्यातला किती वेळ पेशंटच्या बिलात धरता येतो, त्याची टक्केवारी. आमच्याकडे 90 मागतात. तुम्ही बँकेतल्या, तुम्हीच करा हिशेब. आठ तासांची 480 मिनिटं. त्यातली 432 पेशंटबरोबर जायला हवीत. उरली 48. तेवढ्यात सगळ्यांच्या नोट्स, सकाळची मीटिंग, पेशंटच्या मुलीचा फोन, व्हीलचेअर शोधणं, आणि आपण स्वतः बाथरूमला जाणं. हसू नका, तेही त्यातच.

आता परवाचंच घ्या. खुब्याचं हाड मोडलेली एक आजी आहे. तिला खाली न वाकता, लांब दांड्याचा चिमटा वापरून स्वतःचे कपडे घालायला शिकवायचं, हे माझं काम. घरी एकटीच राहते, तिथे कोण घालणार? मी साडेसातला गेले तर बाई कपडे, मोजे, बूट घालून व्हीलचेअरमध्ये तयार! सीएनएने, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीस बाईने घातले. तिला तरी काय बोलू, तिच्या अंगावर आठ-दहा म्हातारे, सगळ्यांना नाश्त्याच्या आत तयार करायचं असतं. मग मी आजीला जिममध्ये नेलं आणि प्लास्टिकचे शंकू इकडून तिकडे ठेवायला लावले. मिनिटं भरली. आजी मात्र मोजे घालायला शिकली नाही.

दुसरे एक आजोबा आंघोळीला नाहीच म्हणतात. बाईमाणसासमोर कपडे काढायची लाज वाटते, दुसरं काही नाही. जरा खोलीत बसलं, त्यांच्या जुन्या ट्रकच्या गप्पा ऐकल्या की तयार होतात. खरी थेरपी त्या गप्पांमध्येच असते, काकू. पण ती लिहायची कुठल्या रकान्यात? आणि शेवटी नाहीच आले, तर मधल्या फेऱ्यांसकट माझे टक्के खाली.

आता हळू सांगते. आमच्यात एक आहे, कायम 97 टक्के. डायरेक्टरची लाडकी. सगळ्यांना ठाऊक आहे, साडेचारला क्लॉक आउट करते आणि मग गाडीत बसून नोट्स लिहिते. फुकट! तासावर पगार घेणाऱ्याकडून असं काम करून घेणं इथे 1938 च्या कायद्याने बेकायदा आहे, पण ती आपणहून करते, मग कोण बोलणार? दया येते आणि रागही येतो. तिच्या फुकट तासांमुळेच तर वर बसलेल्यांना वाटतं की हा आकडा जमतो.

पूर्वी वेगळीच तऱ्हा होती. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पैसे द्यायचा ते थेरपीच्या मिनिटांवर. आठवड्याला 720 झाली की सगळ्यात वरचा दर. 719 झाली की खालचा. मग काय, अंथरुणातून उठायची ताकद नसलेल्यालाही ओढत जिममध्ये. 2016 मध्ये सरकारने आरोप ठेवल्यावर एका थेरपी कंपनीने साडेबारा कोटी डॉलर भरून तडजोड केली, त्याच वर्षी एका नर्सिंग होमच्या साखळीने साडेचौदा कोटी. मग 1 ऑक्टोबर 2019 पासून नियमच बदलला. आता पैसे आजारावर आणि पेशंटच्या अवस्थेवर, मिनिटांवर नाहीत. आम्हाला वाटलं, सुटलो! कसलं काय. त्याच महिन्यात कितीतरी थेरपिस्टना घरी बसवलं. आधी थेरपी जास्त दिली की पैसे जास्त होते, आता थेरपिस्ट कमी ठेवले की पैसे वाचतात. घड्याळ आमच्या मानेवर होतं तिथेच राहिलं.

गंमत सांगू? आशियातली पहिली ओटीची शाळा 1950 मध्ये आमच्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये निघाली, ती कमलाबाई निंबकरांनी काढली. आणि बाई जन्माने कुठल्या? या न्यू जर्सीच्याच, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विद्या त्या घेऊन गेल्या आणि आम्ही पोरी ती परत इथे आणून मिनिटं मोजतोय.

मी कसे दिवस काढते म्हणता? पहिल्यांदा आले तेव्हा एच-वनवर होते, व्हिसा कंपनीच्या हातात, तोंड उघडायची सोय नव्हती. आता उघडते. नोट्स पेशंटसमोरच लिहिते, काय लिहिलं ते त्यांना वाचून दाखवते, ते उपचारातच येतं. सीएनएला आदल्या दिवशीच सांगून ठेवते की अमकीचे कपडे मी तिच्याकडूनच घालून घेईन, सीएनएचंही एक काम कमी होतं. टक्के 82 च्या आसपास येतात. डायरेक्टर बोलावते. मी म्हणते, कुठलं काम करू नको ते लेखी द्या. आजवर कुणी दिलेलं नाही. दोन पेशंट एकदम घेऊन एकेकटे घेतल्याचं मात्र मी लिहीत नाही, त्यात लायसन्स जातं, आणि ते जातं ते माझं, डायरेक्टरचं नाही.

नोकरी घेऊ नको असं नाही म्हणत मी. म्हाताऱ्यांचं काम फार छान असतं, तिला आवडेल. पण हो म्हणायच्या आधी विचारायला सांगा, टक्के किती, नोट्सचा वेळ धरता का, पेशंट हॉस्पिटलमध्ये गेला आणि काम कमी पडलं तर त्या दिवशी पगार कापून घरी पाठवता का. 80 पर्यंत म्हणाले तर खुशाल जावं. 90 म्हणाले तर तासाला चार डॉलर जास्त देत असले तरी नको. आणि करारात लवकर सोडल्यास दंड असं कुठे बारीक अक्षरात आहे का ते बघा. सही करायच्या आधी तो कागद मला दाखवा, काकू, रविवारी मी घरीच आहे.