लिंबू, मिरची आणि काडी

आमच्या गाडीची निगा आम्ही फार काटेकोर राखतो. दर शनिवारी तिची लिंबू-मिरची बदलतो. टायर मात्र गाडी घेतली तेव्हाचेच.

जुलैत ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जायचं ठरलं, तेव्हा हिने मला गॅरेजात पिटाळलं. मिस्त्रीने कानामागची आगकाडी काढून टायरच्या खाचेत खुपसली. काडी जेमतेम बुडली.

"खाचेत हे बारके उंचवटे दिसतात ना? टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच उरली 1.6 मिलिमीटर. कायद्याने तो टायर संपला." मग माझ्या डोक्याकडे बघत तो म्हणाला, "गुळगुळीत झालं की पाणी बाहेर टाकायला वाट राहत नाही, साहेब. टायर पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर जपमाळ ओढा."

चारही टायर बदलले. त्या बिलाने घायाळ होऊन मी वायपरवर काटकसर केली. उन्हाने त्यांची रबरं पापडासारखी वाळली होती. पण म्हटलं, पापड भिजला की मऊ पडतोच.

पडला नाही. पौड मागे टाकलं आणि पाऊस कोसळू लागला. वायपर काच पुसेनात, सारवू लागले.

"जावईबापू, गाडी थांबवा," मागून मामा म्हणाले. हिचे हे मामा 1978 पासून गाडी चालवतात आणि गेली दहा वर्षं मागच्या सीटवरून चालवतात. त्यांनी पुडीतली सगळी तंबाखू ओली करून काचेवर चोळली. ट्रकवाल्यांचा जुना उपाय. थेंब खरंच काचेवर पसरून ओघळू लागले. पाच मिनिटांनी तंबाखू धुऊन गेली, काच पुन्हा आंधळी झाली आणि मामा दिवसभरासाठी बिनतंबाखूचे झाले. पुढचा प्रवास कसा झाला असेल, हे तंबाखू खाणाऱ्याच्या घरच्यांना सांगायला नको.

मुळशी धरणापाशी काच आतूनही धुरकटली. पाच माणसांचे श्वास आणि मामांचे सुस्कारे. मी एसी लावला.

"पावसात एसी? पेट्रोल घरच्या विहिरीला लागलंय का?"

एसी हवेतला ओलावा शोषतो, हे मी सांगेपर्यंत दोन मिनिटांत काच लख्ख झाली. मामांनी निषेध म्हणून कानटोपी घातली.

घाटात धुकं असं की बॉनेटसुद्धा अंदाजाने होतं. वरचा झोत लावला, तर तो धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांत परत आला. खालचा लावल्यावर निदान पांढरा पट्टा दिसला. पुढची गाडी चारी इंडिकेटर लुकलुकवत चालली होती. अशाने ती कुठे वळणार ते कळत नाही; अर्थात एरवीही आपल्याकडे ते वळून झाल्यावरच कळतं.

"उतार लागला, न्यूट्रल करा!" मामा गरजले. "फियाट असताना मी खंडाळ्याचा घाट इंजिन बंद करून उतरायचो."

"आणि खाली आंब्याला टेकवून थांबायचे," मामी म्हणाल्या.

मी दुसरा गिअर सोडला नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ते तापून ऐनवेळी दगा देतात, आणि इंजिन बंद केलं तर थोड्याच वेळात ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं.

निजामपूर ओलांडल्यावर मात्र सगळंच थांबलं. मोरीवरून गढूळ पाणी धावत होतं. "घाला! गुडघाभर तर आहे!" मामा म्हणाले. कडेला इरलं घेतलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "गुडगाभर हाय, पन वाहतंय. फूटभर पाणीबी बारकी गाडी उचलतंय. दोन तास बसा, ओसरंल."

तेवढ्यात मागची एक उंच, ऐटबाज गाडी हॉर्न वाजवत पुढे गेली आणि मधोमध बंद पडली. मालकाने स्टार्टर मारला, पुन्हा मारला. तिसऱ्यांदा आतून 'खट्' असा आवाज आला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; इंजिनात पाणी शिरल्यावर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नसते, ढकलायची असते. त्या गाडीला ट्रॅक्टरने बाहेर ओढलं. काचेआड तिची लिंबू-मिरची ताजी टवटवीत होती.

आम्ही टपरीवर कांदाभजी खाल्ली, मामांना तंबाखू मिळाली आणि जगात पुन्हा सलोखा नांदू लागला. पाणी ओसरून रस्त्याचं डांबर दिसल्यावर आजोबांनी हात केला. पलीकडे गेल्यावर मी ओले ब्रेक हलके हलके दाबत सुकवले.

परत आल्यावर पहिलं काम वायपरचं केलं. आता दर शनिवारी लिंबू-मिरची बदलताना टायरच्या खाचेत काडीही घालून बघतो. गाडी ठणठणीत आहे.

मामांच्या मते गुण लिंबाचा.