हवेत जागा कशी धरावी? डहाणू-तलासरीच्या नवशिक्या ड्रोनवाल्यांसाठी

१. आधी नकाशा, मग पंखे. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर आपलं ठिकाण तपासा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ड्रोन ४०० फुटांपर्यंत उडवता येतो. "तारापूरची अणुभट्टी वरून बघू" हा विचार घरीच ठेवून निघा.

२. आपला रेडिओलहरींचा पट्टा ओळखा. रिमोट बहुधा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. हा पट्टा परवानामुक्त, म्हणजे सगळ्यांचा. म्हणजेच तक्रार कुणाकडे करायची सोय नाही. बोर्डीच्या रिसॉर्टचं वायफाय, पाहुण्यांचा ब्लूटूथ स्पीकर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह आणि वरातीचा दुसरा ड्रोनवाला, सगळे इथलेच रहिवासी.

३. बोलण्याआधी ऐका. याला स्पेक्ट्रम सेन्सिंग म्हणतात: यंत्र प्रत्येक चॅनेलमधली ऊर्जा मोजतं आणि ती ठरावीक मर्यादेखाली असली की जागा रिकामी समजतं. पण डहाणू लोकलमध्ये बाकावर माणूस नाही म्हणून कुणी बसतं का? आधी रुमाल दिसतो का बघतात. रुमालवाला वडापाव आणायला गेलेला असतो. रेडिओत रुमाल टाकायची सोय नाही, आणि चिकूच्या वाडीपलीकडचा प्रक्षेपक तुम्हाला ऐकू येत नाही, एवढाच फरक.

४. वरूनही ऐका. झाडांच्या आडोशाला उभ्या असलेल्या तुम्हाला सगळं शांत वाटतं. ४०० फुटांवरच्या ड्रोनला मात्र आडोसा नसतो. त्याच्या कानात दूरदूरची वायफाय एकदम ओरडतात. तलासरीत तर सीमेपलीकडचा गुजरातही त्यात सामील. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक थांबतात, लहरी नाही. म्हणून चॅनेल निवडताना जमिनीचं आणि आकाशाचं, दोन्हींचं मत घ्या.

५. मालकाच्या, म्हणजे परवानाधारकाच्या, जागेत ती रिकामी दिसली तरी घुसू नका. दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात १५ पैकी किमान १२ चॅनेल जवळजवळ देशभर रिकामे असल्याचं तेव्हा आयआयटी मुंबईत असलेल्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याच मोकळ्या जागेतून त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, खामलोलीला, इंटरनेट पोचवून पाहिलं. ते परवानगी घेऊन केलेले प्रयोग होते. तुमचा उत्साह हा परवाना नव्हे. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसीनेही २०१०मध्ये टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांवर चालणाऱ्या उपकरणांवरची ऐकण्याची सक्ती काढली आणि कुठे काय रिकामं आहे याच्या नोंदवहीवर भिस्त ठेवली. एकट्याच्या कानावर सरकारचाही भरवसा नाही.

६. वाट द्यायला शिका. डिसेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविड लशीचे ३०० डोस गेले. परवानामुक्त पट्ट्यात लशीला पहिला मान आणि वरातीला दुसरा, असा नियम नाही. तो तुम्हीच पाळायचा. नवरदेव घोड्यावर पुन्हा चढू शकतो.

७. संपर्क तुटेल, हे गृहीत धरा. आपोआप परतण्याची उंची वाडीतल्या सर्वांत उंच ताडाहून जास्त ठेवा. तरीही ड्रोन चिकूत अडकलाच, तर रिमोटची बटणं बडवू नका. चिकू उतरवायची जाळी लावलेली लांब काठी मागून आणा. तिला परवाना लागत नाही, आणि आजवर तिचा सिग्नल गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही.