न्याय्य संक्रमणाचा चंद्रपुरी नमुना

कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कोणालाही वाऱ्यावर सोडायचे नसते. चंद्रपूर जिल्ह्यात हे विशेष सोपे आहे. वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडची) खाण बंद झाली की हजेरीपटावरच्या कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते. ठेकेदाराचा डंपरचालक, पंक्चरवाला आणि फाटकावरचा चहावाला त्या पटावर नसतातच. सबब ते बेरोजगारही होत नाहीत. याच न्यायाने उरलेल्यांनाही ठेक्यावर घेतल्यास संक्रमणाचा खर्च शून्यावर येईल. जिल्ह्यातल्याच दुर्गापूरच्या खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांत वाघांनी मात्र विनाप्रशिक्षण स्वतःचे पुनर्वसन करून घेतले आहे. त्यांपैकी एखाद्याने चहावाल्याला मारल्यास वनविभाग वारसांना २५ लाख रुपये देतो, आणि त्या फायलीत चहावाल्याचे नाव वडिलांच्या नावासकट, बिनचूक लिहिलेले असते.