अजून एक पाणी

बाळ घरी आलं की पहिला वाद त्याच्या नावावरून होतो. तो मिटायच्या आत दुसरा सुरू होतो: कपडे कशात धुवायचे? आजी रिठ्याच्या बाजूची. आत्याबाईंचा डेटॉलवर जावयासारखा विश्वास. बाप हसऱ्या हत्तीचं चित्र असलेली बाटली घेऊन आलेला, आणि तिची किंमत ऐकून आजीनं एकदा बाटलीकडे, एकदा मुलाकडे पाहिलेलं. धुणं करणाऱ्या मावशी काहीच बोलत नाहीत. अखेर बादलीत काय पडणार हे त्याच ठरवणार असतात.

ज्याच्या कातडीवरून ही सभा भरते, तो झोपलेला असतो. त्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मोठ्या माणसापेक्षा साधारण 30 टक्के पातळ. जन्मताना तिचा पीएच 7 च्या आसपास असतो. काही आठवड्यांत तो साडेपाचकडे उतरतो, तेव्हा कुठे तिला आम्लाचं संरक्षण मिळतं. कपड्याच्या साबणाचा पीएच मात्र 9 ते 10. त्यात लंगोटाचा स्वतःचा कारभार निराळाच: लघवीतल्या युरियाचा शीमधले जंतू अमोनिया करतात, पीएच चढतो, आणि शीमधली पाचकद्रव्यं चेवानं कातडीवरच काम सुरू करतात. अशा जागी उरलेल्या साबणाची भर घालायची गरज नाही.

आत्याबाईंचा हिशेब सोपा: घराला दवाखान्याचा वास आला म्हणजे कपडे स्वच्छ. पण डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल कपड्यात उरलं तर कोवळ्या कातडीला झोंबतं, आणि निरोगी बाळाच्या रोजच्या कपड्यांना ते लागतही नाही. रिठ्याचा फेस सॅपोनिनचा. रिठा झाडाला लागतो म्हणून त्याला खळबळून काढण्यातून सूट नाही. हत्तीच्या बाटलीवर ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ असं भारदस्त लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1975 मध्ये सौंदर्यप्रसाधनांपुरता या शब्दाला नियम लावून पाहिला; 1977 मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. तेव्हा त्या शब्दावर भिस्त नको; त्यापेक्षा बाटलीवर ‘बिनवासाचं’ लिहिलंय का ते बघावं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य तर लंगोटाला नकोच. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि लंगोट शोषायचं आपलं एकमेव काम विसरतो.

खरा घोळ पाण्याचा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर वडीचा साबण त्यातल्या कॅल्शियमशी जमवून न विरघळणारा साका करतो. तो कापडात बसतो आणि दुपटं पापडासारखं कडक होतं. अशा ठिकाणी सौम्य डिटर्जंट बरा, तोही बेतानं. मग कपडे दोन-तीन पाण्यांतून काढावेत. शीचे डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं गोठून डाग पक्का होतो. आणि लघवीच्या लंगोटावर थेट ब्लीच कधीही ओतू नये. अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो.

आषाढात कपडे वाळत नाहीत हे मान्य. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवत. कल्पना झकास, पण धूर बाळाच्या छातीला नको. पंखा आणि इस्त्री यांनी भागतं.

एका बाबतीत आजीला पूर्ण गुण द्यावे लागतात. पहिले कपडे जुने, कुणा बाळानं वापरून मऊ झालेले घालायची रीत. शंभरदा धुतलेल्या झबल्यात ना खळ उरलेली असते ना सुटा रंग. नव्या कापडात हे दोन्ही असतं, शिवाय ते चुरगळू नये म्हणून कधी फॉर्मल्डिहाइडचं रेझिनही. जपानी कायदा 24 महिन्यांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळपास चालूच देत नाही. म्हणून बाळंतविड्यातलं नवं झबलं कितीही गोंडस असो, आधी धुवावं, मगच फोटो.

मात्र हेच जुने कपडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतील, तर थांबा. ज्या बाळात जी-6-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्याच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलिनच्या वाफेनं फुटू शकतात आणि कावीळ बळावते. ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते, आणि ती आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतं. असे कपडे बाळासाठी काढूच नका. आणि बाळ पिवळं दिसलं तर उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.